‘बरे झाले का?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावे

ब्रिटिश कोलंबियात राहणाऱ्या एका भगिनीचे पत्र आले आहे. ते बरेच मोठे असल्यामुळे, ओळख पटेल असे तपशील वगळून, त्याचा आशय येथे देत आहे.

गेल्या फेब्रुवारीत त्यांचे पती स्कीइंग करताना उतारावरून घसरले आणि झाडाच्या बुंध्यावर आदळले. कमरेच्या पहिल्या मणक्याचा चुरा झाला. हेलिकॉप्टरने रुग्णालयात नेऊन त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली, पाठीत सळ्या आणि स्क्रू बसवले गेले, आणि त्यानंतरचे तीन महिने पुनर्वसन केंद्रात गेले. आज दहा महिने झाले आहेत. मांड्यांमध्ये थोडी हालचाल परतली आहे, गुडघ्याखाली मात्र काहीच नाही, आणि घरात व बाहेर व्हीलचेअरच वापरावी लागते. नाशिकहून आलेल्या सासूबाई मुलाला पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उचलू देत नाहीत. मुलगा चालू लागला की त्याला सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या चढवीन, असा नवस त्यांनी बोलला आहे. नातेवाइकांचे फोन रोज येतात आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: बरे झाले का? एका आत्याबाईंनी तर त्या सहलीचा हट्ट कोणाचा होता, असेही विचारले. आता पतींनीच सांगितले आहे की, बसून करायच्या स्कीवर, म्हणजे सिट-स्कीवर, या हिवाळ्यात त्यांना पुन्हा डोंगरावर जायचे आहे. ‘मी हो म्हणू की नाही, आणि सासूबाईंना काय सांगू?’ असे या ताईंनी विचारले आहे.

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचे निवांतपणे बोलता येईल. त्यांना जाऊ द्या. खरे तर ‘जाऊ द्या’ हे शब्दही मला खटकतात, कारण परवानगी देण्या-न देण्याचा हा विषयच नाही. अपघातापूर्वी त्यांनी डोंगरावर जायचे ठरवले असते, तर तुम्ही काळजी बोलून दाखवली असती, कदाचित भांडलाही असता, पण निर्णय त्यांचाच राहिला असता. अपघाताने त्यांच्या पायांतील शक्ती नेली आहे, निर्णयाचा अधिकार नेलेला नाही. तो अधिकार बहुतेक वेळा आपण घरचे लोक मायेपोटी, नकळत काढून घेतो. फिजिओथेरपिस्ट म्हणून अठरा वर्षे काम करताना मी हे इतक्या घरांत पाहिले आहे की, सासूबाईंच्या हातातल्या त्या पाण्याच्या पेल्यावर मी थांबले. जो माणूस जमिनीवरून स्वतःला खुर्चीत उचलून घ्यायला शिकला आहे, त्याला पेला उचलू न देणे ही सेवा नव्हे. मनगट, खांदे आणि दंड हेच आता त्यांचे पाय आहेत, आणि ते वापरल्यानेच टिकतील.

आता ‘बरे होणे’ या शब्दाबद्दल. आपल्या भाषेत ताप उतरला तरी बरे वाटते आणि मोडलेला हात जुळला तरी माणूस बरा होतो, म्हणजे पूर्वी होता तसा होतो. मणक्यांच्या आतून जाणाऱ्या मज्जारज्जूच्या इजेला हा शब्द लागू पडत नाही, आणि आपल्याकडे दुसरा सोपा शब्दही नाही. त्यातच ‘हातीपायी धड असणे’ आणि ‘स्वतःच्या पायावर उभे राहणे’ ही आपली रोजची बोली आहे. घरात बसलेल्या त्या माणसाला दिवसातून कितीदा ती टोचत असेल, याचा विचार करा. बोलणाऱ्याच्या मनात काही नसते, हे खरे आहे. म्हणून कोणाला रागावू नका, परंतु फोनवरचे उत्तर मात्र ठरवून ठेवा. ‘जखम भरली आहे, तब्येत उत्तम आहे, ते व्हीलचेअर वापरतात आणि पुढच्या महिन्यापासून अर्धा वेळ कामावर जाणार आहेत,’ असे काही, जे तुमच्या घरी खरे असेल ते, शांतपणे आणि दर वेळी त्याच शब्दांत सांगा. ‘होईल हळूहळू’ असे म्हणू नका, कारण त्या दोन शब्दांनी सगळे नातेवाईक पुन्हा वाट पाहू लागतात, आणि त्यांच्याबरोबर घरही.

वाट पाहण्याबद्दल वैद्यकीय माहिती स्पष्ट असलेली बरी. अशा इजेनंतरची बहुतांश सुधारणा पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत दिसते, आणि त्यानंतरही दीड-दोन वर्षांपर्यंत थोडीथोडी होत राहू शकते. तुमच्या पतींची इजा जेथे आहे, साधारण त्याच पातळीवर मज्जारज्जू संपतो आणि खाली मज्जातंतूंचा झुपका सुरू होतो. हे तंतू मज्जारज्जूपेक्षा पुन्हा सावरण्याची शक्यता अधिक असते, म्हणून व्यायाम सोडायचा नाही. पण ‘आधी चालू दे, मग जगू’ असा क्रम लावला, तर लेकीचे शाळेतले हे वर्ष कोणासाठीही थांबणार नाही. पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावे तसे, तुम्ही एक वाक्य लिहिले आहे: अकरा वर्षांच्या लेकीने स्वतःहून स्कीचा वर्ग सोडला. मला वाटते, त्या वाक्यासाठीच हे पत्र लिहिले गेले असावे. घरात बर्फाचे नाव निघत नाही, तेव्हा मूल असे समजते की वडिलांचे जे झाले ते बोलण्यापलीकडचे आहे आणि आपल्याला डोंगर आवडणे हा अपराध आहे. वडील पुन्हा तेथे जाताना दिसले, तर तिच्याशी वेगळे बोलावेही लागणार नाही.

सिट-स्कीबद्दल तुमची भीती मी हलकी मानत नाही. शरीराला घट्ट बसणारी एक खोलगट बैठक, तिच्याखाली धक्के शोषणारा सांगाडा, आणि त्याखाली एक किंवा दोन स्की, अशी तिची रचना असते. दोन्ही हातांत आखूड कुबड्या असतात आणि त्यांच्या टोकांना छोट्या स्की लावलेल्या असतात, ज्यांनी तोल सांभाळायचा आणि वळायचे. नवशिक्याला शक्यतो दोन स्कीची बैठक देतात आणि प्रशिक्षक मागून दोरीने वेग आवरत उतरतो. खुर्चीच्या लिफ्टवरही हीच बैठक चढवता येते. तुमच्या भागात व्हँकूवरच्या डोंगरांवर आणि विस्लरला अशा वर्गांची चांगली सोय आहे. अमेरिकेतील वाचकांसाठी सांगते, कोलोरॅडोतील विंटर पार्क येथे अपंगांना स्की शिकवण्याचे काम १९७० पासून चालू आहे.

जाण्यापूर्वी मात्र काही गोष्टी पक्क्या करा, आणि त्या पतींनाच करू द्या. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून पाठीचा कणा पूर्ण जुळल्याची खात्री करून घ्यावी, कारण त्याला सहा महिने ते वर्ष लागते. ज्या पायांवर भार पडत नाही त्यांची हाडे लवकर ठिसूळ होतात आणि साध्या पडण्यानेही मोडू शकतात, म्हणून हाडांची घनता तपासून घ्यावी. त्वचेला संवेदना नसल्याने बैठकीचा दाब कळत नाही आणि हिमदंशही कळत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी तासाभराच्या पुढे जाऊ नये, पायांत कोरडे आणि सैल मोजे असावेत, आणि ठराविक वेळाने नळीने लघवी काढण्याची त्यांची वेळ डोंगरावर आहे म्हणून पुढे ढकलू नये. ज्यांची इजा छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याहून वर आहे, त्यांच्या घरच्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मूत्राशय भरल्यासारख्या साध्या कारणानेही त्यांचा रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतो. डोके ठणकू लागले आणि चेहऱ्यावर घाम आला, तर त्यांना ताबडतोब ताठ बसवावे, कपडे सैल करावेत, कारण शोधावे, आणि ते लगेच सापडले नाही तर रुग्णवाहिका बोलवावी.

तुमच्याच प्रांताने पाहिलेली दोन माणसे येथे आठवतात. जॉश ड्यूक हे स्कीचे प्रशिक्षक होते. २००४ मध्ये उडी मारताना पडून त्यांची कमरेखालची शक्ती गेली. २०१० च्या व्हँकूवर पॅरालिम्पिकमध्ये सिट-स्कीवर त्यांनी रौप्यपदक मिळवले आणि २०१४ मध्ये सोचीला सुवर्ण. दुसरे सॅम सलिव्हन. एकोणिसाव्या वर्षी स्कीइंग करताना त्यांची मान मोडली आणि हातपाय दोन्ही दुबळे झाले. त्यांनी पुढे अपंगांना संगीत, नौकानयन आणि डोंगरातील भटकंती करता यावी यासाठी संस्था उभ्या केल्या, २००५ मध्ये ते व्हँकूवरचे महापौर झाले, आणि २००६ च्या तूरिन ऑलिम्पिकच्या समारोपात, पुढचे यजमान शहर म्हणून मिळालेल्या ऑलिम्पिक ध्वजाची काठी खुर्चीला लावून, खुर्चीच गोल फिरवून त्यांनी तो ध्वज फडकावला. मला सलिव्हन यांचे उदाहरण अधिक जवळचे वाटते, कारण स्कीवर परत न जाताही आयुष्य पुरेपूर जगता येते, हे त्यातून दिसते. तुमचे पती एकदा डोंगरावर जाऊन ‘आता नको’ म्हणाले, तर ती हार समजू नका. आणि ही उदाहरणे त्यांना ऐकवूही नका. दुसऱ्याचे पदक दाखवले की, खाटेवरून खुर्चीत स्वतः बसण्याचा आजचा पराक्रम लहान वाटू लागतो. सासूबाईंना मात्र एक नाव जरूर सांगा, सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. ते चालू लागल्यामुळे जिंकले नाहीत, एवढेच सासूबाईंना समजले तरी पुरे.

सासूबाईंशी बोलण्याचे काम तुमचे नाही, त्यांच्या मुलाचे आहे. सुनेने सांगितले तर ते ‘हिने आशा सोडली’ असे ऐकले जाईल, आणि आत्याबाईंचा प्रश्न पुन्हा तुमच्या पायगुणापर्यंत येऊन पोहोचेल. तो प्रश्न तुमचा नाही. बर्फावर माणसे घसरतात. ‘आई, मी बहुधा पूर्वीसारखा चालणार नाही, पण मी आहे,’ हे मुलाच्या तोंडून ऐकताना त्या रडतील, आणि त्यांना रडू द्यावे. दहा महिने त्यांनी रडण्याऐवजी स्वयंपाक केला आहे. नवस मोडायला सांगू नका. गडावर जायला आता फ्युनिक्युलर ट्रॉली, म्हणजे रुळांवरून दोराने ओढला जाणारा डबा, आहे, सुमारे ५०० पायऱ्या न चढताही मायलेकांना दर्शन घेता येईल. उन्हाळ्याच्या सुटीत जायचे ठरवा आणि तिकिटे काढा. चालण्याशी बांधलेला नवस भेटीशी बांधता येतो की नाही, हे देवीशी बोलून त्याच ठरवतील.

शेवटी तुमच्याविषयी, कारण पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एकही वाक्य लिहिलेले नाही. आंघोळ, शौच, नळी यांची मदत शक्यतो प्रशिक्षित मदतनिसाकडून घ्या. सरकारी आरोग्यसेवेतून घरी मदतनीस मिळण्याची सोय आहे, त्यासाठी पुनर्वसन केंद्रातील समाजसेविकेला विचारा. पत्नीला परिचारिका करून टाकले की ती परिचारिकाच उरते. या इजेनंतर शरीरसंबंध बदलतात, पण संपत नाहीत. त्यावर बोलणारे तज्ज्ञ पुनर्वसन केंद्रात असतात आणि आपली माणसे त्यांच्याकडे लाजेने जात नाहीत. दोघे मिळून जा. रात्री तुमच्या खोलीचे दार लावण्याचा हक्कही परत घ्या. सासूबाई पाहुण्या आहेत, पहारेकरी नव्हेत, आणि हे त्यांना प्रेमाने सांगता येते.

डोंगरावर पहिल्या दिवशी पायथ्याशी थांबायचे की घरी, हे तुम्ही ठरवा. भीती वाटत असेल तर घरी थांबा, त्यात कमीपणा नाही. लेक जाणार म्हणाली तर तिला जाऊ द्या. ते परत आले की गरम चहा द्या आणि आधी मोजे काढून दोन्ही पायांची त्वचा नीट पाहा, टाचा आणि बोटांच्या मधली जागासुद्धा. कोठे लाल डाग दिसला आणि अर्ध्या तासात गेला नाही, तर तो जाईपर्यंत तेथे दाब पडू देऊ नका, आणि दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला तर डॉक्टरांना दाखवा. डाग नसेल, तर पुढच्या रविवारची वेळ त्यांना स्वतः फोन करून घेऊ द्या.