अलेफचं शून्य डावीकडे उडी का मारतं?

म्हणजे तुमचं झालं असं: नोट्समध्ये अलेफ-शून्य (अनंत संचाचा आकार दाखवणारं गणिती चिन्ह) लिहायचं होतं, अलेफ कुठूनतरी कॉपी-पेस्ट केला, पुढे खालचं बारीक शून्य टाकलं आणि ते शून्य अलेफच्या डावीकडे जाऊन बसलं. फॉन्ट बदलला तरी तेच.

फॉन्ट बिचारा निर्दोष आहे. तुम्ही चिकटवलेला अलेफ गणितातला नाहीच, ते हिब्रू लिपीतलं अक्षर आहे. दोघे दिसायला जुळे, पण युनिकोडमधले (प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीतले) क्रमांक वेगळे: हिब्रू अक्षराचा दशमानात १४८८, गणिती चिन्ह ℵ चा ८५०१. हे ८५०१ षोडशमानात २१३५ होतात, म्हणून तक्त्यांत ते यू+२१३५ असं सापडेल.

एकाच अक्षराला दोन क्रमांक द्यायला युनिकोड एरवी नाखूश असतं. इथे दिशा आडवी आली. युनिकोड प्रत्येक चिन्हाबरोबर त्याची दिशाही नोंदवतं. हिब्रू अक्षर उजवीकडून डावीकडे चालतं. गणितज्ञ कँटरने १८९५ च्या लेखात हेच अक्षर अनंत संचांच्या मोजणीसाठी वापरलं, पण समीकरणं तर डावीकडून उजवीकडे जातात. म्हणून गणितासाठी सरळ चालणारा वेगळा अलेफ ठेवला. त्याच्या पाठोपाठ बेत, गिमेल, दालेत यांचीही गणिती चिन्हं आहेत. बाकीच्या हिब्रू अक्षरांना तो मान नाही.

आता शून्य. इंग्रजी अंकांना स्वतःची ठाम दिशा नसते, मागे जे ठाम दिशेचं अक्षर असेल त्याच्या कलाने ते बसतात. मागे हिब्रू अक्षर असलं की ‘नंतर’ म्हणजे डावीकडे. फाइलमध्ये क्रम बरोबरच असतो, आधी अलेफ मग शून्य. उलटतं ते फक्त पडद्यावर. पुढे ‘पेक्षा मोठा’ची खूण आणि इंग्रजी आकड्यातलं पाच लिहून बघा: सगळी ओळच फिरते आणि ती खूणसुद्धा आरशातल्यासारखी उलटते, त्यामुळे विधान मात्र खरंच राहतं! (ते हिब्रू अक्षर मी या उत्तरात मुद्दाम टाकलेलं नाही, नाहीतर माझ्याच ओळी फिरतील.)

एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो. देवनागरी अंकांना युनिकोडने ठाम डावी-उजवी दिशा दिली आहे. त्यामुळे त्याच हिब्रू अलेफपुढे देवनागरी शून्य टाकून तपासलंत तर ते जागेवर बसतं आणि वाटतं, सगळं ठीक आहे.

साठवणीचं म्हणाल तर यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड क्रमांक बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत) ℵ चे तीन बाइट होतात: २२६, १३२, १८१. हिब्रू अक्षराचे दोनच: २१५, १४४. कधी ℵ च्या जागी टोपीवाला ए, खाली घसरलेलं अवतरणचिन्ह आणि म्यू असं त्रिकूट दिसलं, तर ते हेच तीन बाइट विंडोज-१२५२ (विंडोजची जुनी, एका बाइटला एक चिन्ह देणारी पद्धत) समजून वाचले गेले आहेत. तो आजार वेगळा.

तपासायला सोपं आहे. वर्डमध्ये कर्सर अलेफच्या लगेच पुढे ठेवा आणि ऑल्ट धरून एक्स दाबा, चिन्हाच्या जागी क्रमांक येतो. २१३५ आलं नाही तर ते पुसून २१३५ टाइप करा आणि पुन्हा तेच दाबा. मग सगळ्या फाइलभर शोधा-बदला चालवा. अलेफ आणि शून्याच्या मधे डावी-उजवी दिशेची अदृश्य खूण घालूनही शून्य जागेवर येतं, पण ती मलमपट्टी झाली. कोणी ℵ शोधलं तर तुमची नोट सापडेलच असं नाही.

एवढं करूनही अलेफ पुन्हा हिब्रू झाला तर डेटाबेसकडे बघा. मी एकदा मजकूर ‘स्वच्छ’ करायला एनएफकेसी नावाचं सामान्यीकरण (चिन्हांची वेगवेगळी रूपं एका साच्यात आणणारी युनिकोडची प्रक्रिया) लावलं होतं. त्याच्या दृष्टीने ℵ म्हणजे हिब्रू अलेफचंच एक रूप, आणि खालचं शून्य म्हणजे साधं शून्य. झालं, नीट केलेल्या नोट्स रात्रीत पुन्हा उलट्या. दोन दिवस फॉन्टला शिव्या घातल्या, मग कळलं की ती ओळ माझीच होती. तिथे त्याचाच सौम्य प्रकार, एनएफसी, लावा, ते या दोघांनाही हात लावत नाही.