बोट लागली तर किती दिवसांत बरं वाटतं?

तुम्ही विचारलंय की नवऱ्याबरोबर पहिल्यांदाच मालवाहू जहाजावर जाताय, बोट लागली तर सगळा प्रवास अंथरुणातच काढावा लागेल का? नाही. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत समुद्राची सवय होते.

मी नेरूळची, माझा नवरा जहाजावर इंजिनिअर. त्याच्याबरोबर मी पहिल्यांदा न्हावाशेवाहून निघाले ती ऐन जुलैत. बंदरात काहीच जाणवलं नाही. उघड्या समुद्रात नैऋत्येची लाट आडवी लागली, जहाज रोल व्हायला, म्हणजे डावी-उजवीकडे कलायला लागलं आणि पहाटेपर्यंत पोटात पाणीही ठरेना. मी पडदे ओढून, डोक्यावर पांघरूण घेऊन पडून राहिले. चारचौघांत नवऱ्याची मान खाली जाईल म्हणून कोणाला सांगितलंही नाही. ती चूक तुम्ही करू नका. ब्रिटिश नौदलाच्या नामांकित अॅडमिरल नेल्सनलासुद्धा बोट लागायची, यात लाज कसली?

दुसऱ्या दिवशी सेकंड ऑफिसर बघायला आले. जहाजावर औषधांचं कपाट त्यांच्याकडे असतं. त्यांनी मला दाराच्या हुकावरचा टॉवेल दाखवला. तो वीतभर दारापासून सुटायचा, क्षणभर तसाच थांबायचा, मग हळूच परत टेकायचा. "टॉवेल सरळच आहे वहिनी, दार कलतंय," ते म्हणाले. सगळं त्यातच आलं. आतल्या कानाला हलणं कळतं, डोळ्यांना मात्र केबिन स्थिर दिसते, आणि या दोघांचं जमत नाही म्हणून मळमळतं. बंद केबिनमध्ये पडून मी ते वाढवत होते.

मग त्यांनी मला ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, नेऊन बसवलं. ब्रिज उंचावर, झोका तिथे जास्तच, पण समोर क्षितिज दिसतं. तिथेच नजर ठेवून बसले, तासाभरात घाम थांबला. मोबाइल आणि पुस्तक त्या दिवसांत हातात घेऊच नका. कुकने आधी कोरडे टोस्ट दिले, संध्याकाळी मीठ घातलेली पेज. रिकाम्या पोटी जास्त ढवळतं, म्हणून भूक नसली तरी दर दोन तासांनी घासभर खायचं. इलेक्ट्रॉलचं पाणी चमच्याचमच्याने. आलेपाकाने मला बरं वाटलं, बरोबर ठेवा. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मेसमध्ये जाऊन पोटभर आमटी-भात जेवले. लाट तेवढीच होती.

गोळ्यांबद्दल निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला, विशेषतः दिवस गेले असतील किंवा काचबिंदू असेल तर. सिनॅरिझिन, प्रोमेथाझिन अशा गोळ्या जहाज सुटण्याआधीच घ्यायच्या असतात. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात राहतच नाही. झोप येते, त्यामुळे जिने उतरताना कठडा सोडू नका. दिवसभर पाणी टिकत नसेल, लघवी अगदी कमी किंवा गडद होत असेल, तर अपरात्री का होईना, नवऱ्याला उठवा.

आणखी एक, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. परत आल्यावर नेरूळच्या घरी ओट्याशी उभी राहिले तर फरशी हलतेय असं वाटलं. घाबरून ओटा घट्ट धरला. समुद्राची झालेली सवय शरीर लगेच सोडत नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी पोळ्या लाटताना लक्षात आलं, फरशी थांबली होती.