पीएस/२ कीबोर्ड: एबी ८३ ऐवजी एबी ४१ का येतं, आणि रिसेटला उत्तर का येत नाही

समजा, तुम्ही लिहिलेला पीएस/२ (जुन्या पद्धतीच्या जोडणीच्या) कीबोर्डचा ड्रायव्हर क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये, म्हणजे आभासी संगणकात, कळा वाचतो. खऱ्या लॅपटॉपवर मात्र ओळख विचारल्यावर (आज्ञा एफ२) एबी ८३ च्या जागी एबी ४१ येतं, आणि कधीकधी रिसेटला (आज्ञा एफएफ) उत्तरच येत नाही. या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत. (खालचे पोर्ट आणि बाईट हेक्समध्ये, बाकी आकडे साधे.)

४१ म्हणजे बिघाड नव्हे. ८०४२ कंट्रोलरच्या (कीबोर्ड आणि संगणक यांच्यामधल्या चिपच्या) कॉन्फिगरेशन बाईटमधला बिट ६ चालू असेल, तर कीबोर्डकडून आलेला प्रत्येक बाईट सेट २ मधून सेट १ मध्ये भाषांतर होऊन मिळतो (सेट म्हणजे कोणत्या कळेला कोणता कोड याची यादी). त्यात ओळखीचा ८३ सुद्धा ४१ होतो. दोन्ही स्वीकारा, किंवा ओळख विचारण्याआधी तो बिट बंद करा.

मी बंद करायला सांगेन, कारण भाषांतर चालू असताना डावी शिफ्ट सोडल्याचा कोड एए आहे, आणि रिसेटनंतर कीबोर्ड ‘चाचणी पास’ म्हणून पाठवतो तोही एए. बूट होताना कुणाचं बोट शिफ्टवर असलं की ड्रायव्हर फसतो. त्यात कंट्रोलरच्या स्वचाचणीची आज्ञाही एए! ती पोर्ट ६४ वर (कंट्रोलरच्या आज्ञांचा आणि स्टेटसचा पोर्ट) जाते आणि तिचं उत्तर ५५ येतं. कंट्रोलर आणि कीबोर्ड ही दोन वेगळी यंत्रं आहेत, हे कोडमध्ये दोन वेगळ्या फंक्शनांतूनच दिसू द्या.

आता रिसेटचं. तुम्ही ठरावीक फेऱ्यांचा लूप फिरवून थांबता. एम्युलेटर लगेच उत्तर देतो, पण खरा कीबोर्ड एफएफ ला आधी एफए पाठवतो आणि मग स्वतःची तपासणी करून साधारण अर्ध्या ते पाऊण सेकंदाने एए पाठवतो. तेव्हा फेऱ्या मोजू नका, टायमर वापरा. एफए साठी एक सेकंद आणि त्यानंतरच्या एए साठी दोन सेकंद द्या. एफई आलं तर तीच आज्ञा दोन-तीनदा पुन्हा पाठवा, एफसी आलं तर चाचणी नापास.

दुसरी शक्यता जास्त त्रासाची: उत्तर आलेलं असतं, पण तुमचा आयआरक्यू १ चा (कीबोर्डच्या इंटरप्टचा) हँडलर ते आधीच पोर्ट ६० वरून (डेटाचा पोर्ट) वाचून मोकळा होतो आणि पोलिंग करणारा, म्हणजे स्टेटस पुन्हा पुन्हा तपासणारा, कोड वाट बघत बसतो. म्हणून क्रम असा ठेवा. आधी कंट्रोलरला एडी आणि ए७ देऊन कीबोर्ड व माऊस यांचे दोन्ही पोर्ट बंद. मग स्टेटसचा (पोर्ट ६४ वाचून मिळणाऱ्या बाईटचा) बिट ० शून्य होईपर्यंत पोर्ट ६० वाचून बफर रिकामा. मग २० या आज्ञेने कॉन्फिगरेशन वाचून बिट ०, १ (दोन्हींचे इंटरप्ट) आणि ६ (भाषांतर) बंद करून ६० या कंट्रोलरच्या आज्ञेने परत लिहा. स्वचाचणी घ्या आणि कॉन्फिगरेशन पुन्हा लिहा, कारण काही हार्डवेअरवर चाचणीनंतर ते मूळपदावर जातं. एबी या पोर्ट-चाचणीच्या आज्ञेला ०० आलं की एई ने कीबोर्डचा पोर्ट उघडा, मग कीबोर्डला एफएफ (रिसेट), एफ५ (स्कॅनिंग बंद), एफ२ (ओळख). प्रत्येक लेखनाआधी स्टेटसचा बिट १ शून्य आहे ना, ते पाहा. एफ४ (स्कॅनिंग चालू) आणि कॉन्फिगरेशनचा बिट ० चालू करणं अगदी शेवटी. भाषांतर बंदच ठेवलंत तर डिकोडर सेट २ चा लागेल. सेट १ चा लिहून झाला असेल तर बिट ६ इथेच परत लावा.

ओळख पटली नाही म्हणून ‘कीबोर्ड नाही’ असा निकाल देऊ नका. जुने एटी कीबोर्ड एफ२ ला नुसतं एफए देतात आणि गप्प बसतात. अजिबातच उत्तर नसेल तर ईडी (कीबोर्डवरच्या दिव्यांची आज्ञा) पाठवा, एफए आलं की ०० पाठवा. त्यालाही एफए आलं तर समोर कीबोर्ड आहे. लिनक्सचा एटीकेबीडी ड्रायव्हरही एफ२ फसल्यावर दिव्यांचीच आज्ञा आजमावतो.

पोर्ट ६४ कायम एफएफच देत असेल तर बहुधा कंट्रोलरच नाही. एसीपीआयच्या (फर्मवेअर ज्यातून हार्डवेअरची माहिती देतं त्या व्यवस्थेच्या) एफएडीटी तक्त्यात बूट आर्किटेक्चर फ्लॅगचा बिट १ बघून खात्री करा. आणि यूएसबी कीबोर्ड लावून तपासत असाल तर समोर ८०४२ चं सोंग घेतलेलं फर्मवेअर असू शकतं. यूएसबी कंट्रोलर फर्मवेअरकडून आधी ताब्यात घ्या, मगच वरचा क्रम चालवा.