वाचकांचे प्रश्न : फिरत्या स्वच्छता पथकाचा उपयोग कशावर ठरतो?

प्रश्न : आमची संस्था वाहनातून गावोगावी जाऊन शौचालयाचा वापर आणि हात धुणे यांविषयी चित्रफिती दाखवते. गर्दी होते, लोक आमच्या प्रश्नांची अचूक उत्तरेही देतात; मात्र काही महिन्यांनी त्याच गावी गेल्यास वागण्यात फारसा फरक आढळत नाही. आम्ही काय बदलावे?

उत्तर : लोक अचूक उत्तरे देत असतील, तर तेथे माहितीची उणीव नाही, आणि तीच माहिती पुन्हा सांगून सवय बदलणार नाही. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, हे बहुतेकांना ठाऊक असते; परंतु पाणी दुरून आणावे लागत असेल आणि साबण घरात कोठेतरी ठेवलेला असेल, तर ठाऊक असलेली गोष्टही दर वेळी घडत नाही. म्हणून चित्रफितीचा वेळ कमी करून तो गावकऱ्यांबरोबर शौचालयाजवळ हात धुण्याची जागा तयार करण्यास द्यावा. बारीक छिद्र पाडलेला प्लॅस्टिकचा डबा आडव्या काठीला टांगून, पायाने दोरी दाबताच तो कलंडेल अशी सोय सहज करता येते. तिला पाणी थोडे लागते आणि हात लावावा लागत नाही. साबणाने हात धुण्यास उत्तेजन दिल्यास अतिसाराचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून दिसून आले आहे. त्यामुळे या कामाला दुय्यम मानू नये.

विष्ठेतील जंतू बोटे, माश्या, पाणी, माती आणि अन्न या मार्गांनी तोंडापर्यंत पोहोचतात, हे दाखवणारी वॅग्नर आणि लॅनॉय यांची १९५८ मधील आकृती आजही शिकवण्यास उत्तम आहे. ती छापून वाटण्यापेक्षा गावकऱ्यांकडूनच जमिनीवर काढून घ्यावी. तसे केल्यास बहुधा एक दुर्लक्षित मुद्दा पुढे येतो, तो म्हणजे लहान मुलांची विष्ठा. ती निरुपद्रवी असते, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. प्रत्यक्षात लहान मुलांना अतिसार वारंवार होत असल्याने त्यांच्या विष्ठेत रोगजंतू असण्याची शक्यता मोठ्यांपेक्षा कमी नसते, आणि ती अंगणात किंवा उकिरड्यावर टाकल्यास घरात शौचालय असूनही संसर्ग थांबत नाही. आई, आजी आणि मोठी भावंडे यांच्याशी या एकाच विषयावर बसून बोलण्यास स्वतंत्र वेळ ठेवावा, असे मी आग्रहाने सुचवेन.

सन २००० च्या सुमारास बांगलादेशात कमल कार यांनी गावकऱ्यांनाच उघड्यावरील शौचाच्या जागा फिरून पाहण्यास, त्यांचा नकाशा काढण्यास आणि निर्णय घेण्यास लावणारी पद्धत सुरू केली, आणि ती पुढे अनेक देशांत पसरली. नकाशा आणि फेरी जरूर घ्यावी. मात्र या पद्धतीच्या नावाखाली काही ठिकाणी गरिबांना चारचौघांत लाजवले गेले, दंडाची भीती दाखवली गेली. ते मला सर्वस्वी अमान्य आहे. ज्याच्याकडे खड्डा खणण्यापुरतीही जागा नाही, त्याला लाजवून काय साधणार?

गावांची संख्या निम्मी करावी लागली तरी चालेल, पण प्रत्येक गावी पुन्हा जाण्याची तारीख पहिल्याच दिवशी ठरवावी. दुसऱ्या भेटीत काय शिकलात असे न विचारता हात धुण्याच्या जागी साबण व पाणी आहे का, ते पाहावे.

प्रश्न : शौचालयाचा खड्डा विहिरीपासून किती दूर असावा?

उत्तर : मानवतावादी मदतकार्यातील स्फिअर मानकांनुसार हे अंतर किमान ३० मीटर असावे आणि खड्ड्याचा तळ भूजलपातळीपेक्षा किमान १.५ मीटर वर असावा. भेगाळ खडकात सांडपाणी दूरवर झिरपते, म्हणून तेथे अंतर आणखी वाढवावे लागते. पातळी पावसाळ्यातील धरावी, उन्हाळ्यातील नव्हे.