हाडांची घनता मोजून घ्यावी का?

प्रश्न : माझे वय ५७ आहे. बेचाळिसाव्या वर्षी अतिरक्तस्रावामुळे माझी गर्भपिशवी काढली, तेव्हापासून पाळी बंद आहे. माझ्या आईचे ७१व्या वर्षी न्हाणीघरात घसरून खुब्याचे हाड मोडले आणि त्यानंतर ती पुन्हा कधी नीट चालली नाही. अलीकडे गावातल्या एका मोफत शिबिरात माझी टाच यंत्रात ठेवून तपासली आणि ‘−२.७, हाडे ठिसूळ’ असे कार्डावर लिहून कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. मुलगी म्हणते, पुण्याला येऊन डेक्सा (क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजण्याची तपासणी) करून घे. आमचे डॉक्टर म्हणतात, या वयात सगळ्यांचीच हाडे झिजतात, तपासणीवर पैसे कशाला घालवता? मला कुठेही दुखत नाही. मी काय करावे?
— एक वाचक, वाई

उत्तर : तुम्ही डेक्सा तपासणी करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र त्याचे कारण शिबिरात मिळालेले कार्ड हे नाही. टाचेची ती तपासणी बहुधा ध्वनिलहरींची असते. तिच्यावरून धोक्याचा ढोबळ अंदाज येतो, परंतु ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा विकार, ठरवण्यासाठी −२.५ ही जी सीमारेषा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने १९९४ मध्ये मांडली, ती कंबरेचे मणके, खुबा किंवा मनगटाकडचे हाड यांच्या क्ष-किरणांनी केलेल्या मोजणीसाठी आहे, आणि टाचेच्या यंत्रावरील आकड्याला ती लावता येत नाही. त्यामुळे त्या कार्डावरून तुम्हाला ऑस्टिओपोरोसिस आहे असेही ठरत नाही आणि नाही असेही ठरत नाही.

खरी कारणे तुमच्या पत्रातच आहेत. आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडलेला असणे हा मुलांच्या बाबतीत धोका वाढवणारा महत्त्वाचा घटक मानला जातो. दुसरे कारण मला त्याहूनही मोठे वाटते, आणि ते म्हणजे बेचाळिसाव्या वर्षीची शस्त्रक्रिया. गर्भपिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले असतील, तर हाडांचे रक्षण करणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्याच दिवसापासून जवळपास थांबले आणि तुमच्या हाडांनी त्याच्याविना पंधरा वर्षे काढली, असा त्याचा अर्थ होतो. अंडाशय ठेवले असले, तरी अशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचे काम काही स्त्रियांत अपेक्षेपेक्षा लवकर थांबते आणि पाळी आधीच बंद असल्याने ते कधी थांबले हे कळतही नाही. आपल्याकडे असंख्य स्त्रियांची गर्भपिशवी चाळिशीच्या आसपास किंवा त्याही आधी काढली जाते आणि नेमके काय काढले हे त्यांना कोणी सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते. जुने डिस्चार्ज कार्ड किंवा पॅथॉलॉजीचा अहवाल घरात असेल तर तो शोधून काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या डॉक्टरांचे एक म्हणणे खरे आहे : वयानुसार सर्वांचीच हाडे झिजतात. परंतु सर्वांचीच ती मोडण्याइतकी झिजत नाहीत. तपासणी करावी की नाही हे ठरवताना विचारायचा प्रश्न असा, की तिच्या निकालामुळे उपचार बदलणार आहेत का? तुमच्या बाबतीत ते नक्कीच बदलू शकतात. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी स्त्रीच्या सरासरीशी केलेली तुलना, −२.५ किंवा त्याखाली असेल, तर केवळ कॅल्शियम पुरत नाही; आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेन्ड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रॉनिक ॲसिड यांसारख्या औषधांचा विचार करावा लागतो, आणि अशी औषधे अंदाजाने सुरू करणे किंवा अंदाजाने टाळणे दोन्ही योग्य नाही. काही दुखत नाही, या गोष्टीवर विसंबू नका. हाड मोडेपर्यंत ही झीज बहुधा काहीच जाणवू देत नाही.

तपासणी सोपी आहे. उपाशी राहावे लागत नाही, दहा-पंधरा मिनिटे टेबलावर स्वस्थ पडून राहावे लागते, आणि निसर्गातून आपल्याला एक-दोन दिवसांत जेवढा किरणोत्सर्ग मिळतो साधारण तेवढाच तिच्यात मिळतो. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घेऊ नका. कंबरेचे मणके आणि खुबा या दोन्ही ठिकाणची मोजणी करून मागा, कारण मणक्यांना काटे फुटलेले असल्यास तिथला आकडा असतो त्याहून चांगला दिसतो. तुमचा बांधा लहानखुरा असेल तर तेही सांगा. या पद्धतीत लहान हाडांची घनता प्रत्यक्षापेक्षा थोडी कमी भरते. जीवनसत्त्व डच्या तीव्र कमतरतेमुळे हाडे मऊ पडली, तरीही घनता कमीच दिसते आणि त्यावरचे उपचार वेगळे असतात. म्हणून आकडा कमी आल्यास रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, जीवनसत्त्व ड, थायरॉइड आणि मूत्रपिंडाचे कार्य तपासल्याशिवाय औषध सुरू करू नये.

निकाल −१ ते −२.५ यांच्या दरम्यान आला, तर निर्णय थोडा अवघड होतो. अशा वेळी शेफिल्ड विद्यापीठात तयार झालेल्या ‘फ्रॅक्स’ या गणनपद्धतीचा उपयोग होतो. वय, वजन, उंची, आधीचे अस्थिभंग, आईवडिलांचा खुबा, स्टेरॉइडचा वापर, ऱ्हुमॅटॉइड प्रकारचा संधिवात इत्यादी माहिती भरली की पुढील दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता तीत कळते. तिची भारतासाठीची आवृत्तीही उपलब्ध आहे. निकाल चांगला आला, तर मात्र दरवर्षी तपासणी करत बसू नका. अमेरिकेत ६७ वर्षे व त्यापुढील स्त्रियांचा जो मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आरंभी घनता चांगली असलेल्यांपैकी दहा टक्के स्त्रियांना ऑस्टिओपोरोसिस होण्यास सुमारे पंधरा वर्षे लागली, तर आकडा −२ च्या खाली असलेल्यांत हाच काळ सुमारे एक वर्ष होता.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. ओट्याजवळ पाय अडखळून त्या पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. महिन्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली. त्यांचीही घनता तपासावी का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : उभ्या-उभ्या पडून खुबा मोडणे हेच या वयात ऑस्टिओपोरोसिसचे निदान समजावे. पुढील तुलनेसाठी तपासणी करून ठेवणे चांगले, परंतु तिच्यासाठी उपचार थांबवू नयेत. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रॉनिक ॲसिड दिलेल्या रुग्णांत नवे अस्थिभंग सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले आणि मृत्यूंचे प्रमाणही घटले, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसून आले आहे. टाके काढले, वॉकर हातात दिला, की उपचार संपले असे घरोघरी मानले जाते आणि दुसरा खुबा तसाच असुरक्षित राहतो. पुढच्या भेटीत शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना हाडांच्या औषधाबद्दल तुम्ही स्वतःहून विचारा, आणि त्याआधी सासूबाईंचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कार्याची रक्ततपासणी), कॅल्शियम व जीवनसत्त्व ड तपासून अहवाल सोबत न्या.