विसार देण्याआधी फोर्कलिफ्टची पाटी वाचा

सप्रेम नमस्कार,

बेळगावच्या उद्यमबागेतील आपल्या मशिनिंगच्या कारखान्यासाठी कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या विक्रेत्याकडील जुनी कोमात्सु फोर्कलिफ्ट ५,२५,००० रुपयांना घ्यावी का, आणि त्यासाठी ६ लाखांची मुदत ठेव मोडावी का, असे आपण विचारले आहे. आपण कळवल्याप्रमाणे पाटीवर एफडी३०टी-१७ असा मॉडेल क्रमांक आहे. विक्रेता इंजिन ४डी९८ असल्याचे सांगतो, आपल्या फिटरला मात्र ते ९४ वाटते. हा वाद मिटल्याशिवाय विसार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मॉडेल क्रमांकात बरीच माहिती असते. एफडी म्हणजे डिझेलवर चालणारी फोर्कलिफ्ट, ३० म्हणजे ३ टन क्षमता, टी म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचे (क्लचऐवजी तेलाच्या दाबाने शक्ती पोचवणारे) ट्रान्समिशन आणि शेवटचे १७ म्हणजे मालिका. उत्पादनाचे वर्ष मात्र त्यातून कळत नाही आणि इंजिनही खात्रीने कळत नाही, कारण या मालिकेत ४डी९४एलई आणि ४डी९८ई अशी दोन्ही इंजिने बसवलेली आढळतात. त्यामुळे विक्रेता आणि फिटर दोघेही प्रामाणिकपणे बोलत असतील. निर्णय इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेल्या क्रमांकावरून करावा. त्या नावाची फोडही सोपी आहे : ४ सिलिंडर, डी म्हणजे डिझेल, आणि ९४ किंवा ९८ हा सिलिंडरचा मिलिमीटरमधील व्यास. पहिले इंजिन सुमारे ३.०५ लिटरचे, दुसरे सुमारे ३.३ लिटरचे. दोन्ही यानमार या जपानी इंजिन कंपनीच्या घराण्यातली आहेत, म्हणून सुटे भाग शोधताना यानमारच्या क्रमांकाने विचारले तर काम सोपे होते. मात्र व्यास वेगळा असल्याने एकाचे पिस्टन आणि रिंगा दुसऱ्याला चालत नाहीत. चुकीच्या इंजिनावर विसंबून काढलेला दुरुस्तीचा अंदाज म्हणूनच निरुपयोगी ठरतो.

क्षमतेच्या आकड्याकडेही नीट पाहावे. ३ टन ही क्षमता भाराचा मध्य माल उचलणाऱ्या काट्यांच्या उभ्या पाठीपासून ५०० मिलिमीटरवर असताना धरलेली असते. आपला कास्टिंगचा क्रेट १.४ मीटर लांब आहे, म्हणजे मध्य ७०० मिलिमीटरवर जातो. पुढच्या आसापासून काट्यांच्या पाठीपर्यंत अर्धा मीटर धरला तर क्षमता सुमारे अडीच टनांवर येते. आपला सर्वांत जड क्रेट २.२ टनांचा असल्याने तो अंदाजात बसतो, पण माझा हिशोब ढोबळ आहे. मास्ट (काटे वर-खाली नेणारा उभा सांगाडा) तीन टप्प्यांचा असेल किंवा साइड शिफ्टर (काटे डावी-उजवीकडे सरकवणारी जोडणी) बसवलेला असेल तर क्षमता आणखी घटते, आणि अशा वेळी यंत्रावरील क्षमतेच्या पाटीवरचा आकडाच प्रमाण मानावा. ती पाटी काढलेली असेल तर यंत्र घेऊ नये. इथे पैशांआधी खाली उभ्या असलेल्या कामगाराच्या जिवाचा प्रश्न येतो.

आता पैशांकडे वळू. भाड्याची फोर्कलिफ्ट डिझेल आणि ऑपरेटरसह ताशी ८०० रुपयांना, महिन्याला ४० तास, म्हणजे ३२,००० रुपयांना पडते. स्वतःच्या यंत्राला तासाला ३ लिटर डिझेल लिटरला ९० रुपयांनी धरले तर १०,८००, आपल्याच कामगाराला ऑपरेटरचा जादा भत्ता २,०००, आणि देखभालीसाठी बाजूला ठेवायचे ४,०००, असे १६,८०० रुपये होतात. महिन्याची बचत १५,२००, वर्षाची १,८२,४००. त्यातून ठेवीवरचे ७ टक्क्यांनी बुडणारे ३६,७५० रुपये वजा केले तर १,४५,६५० उरतात आणि यंत्राची किंमत साधारण ३ वर्षे ७ महिन्यांत सुटते. समजा इंजिन उघडावे लागले आणि त्यात १,००,००० रुपये गेले, तर हीच मुदत साडेचार वर्षांवर जाते. काम ४० तासांवरून २० तासांवर आले, तर घेण्यात अर्थच उरत नाही.

विक्रेता महाराष्ट्रातला आणि आपण कर्नाटकातले, म्हणून पक्क्या बिलावर १८ टक्के आयजीएसटी (दोन राज्यांमधील विक्रीवरचा जीएसटी) लागेल आणि वाहतुकीसाठी ई-वे बिल (मालासोबतचा ऑनलाइन काढलेला कागद) लागेल. दर कराविना असेल तर कर ९४,५०० रुपये होतो. तो बिलावर आला आणि आपली नोंदणी नियमित असेल तर तो आपल्या देय करातून वळता करता येतो. 'बिल नको, दर कमी करतो' असे सुचवले गेल्यास नकार द्यावा. रोखीने दिवसाला १०,००० रुपयांवर दिलेली रक्कम आयकरासाठी यंत्राच्या किमतीत धरली जात नाही, आणि वर्षाला १५ टक्के दराने मिळणारा घसारा त्या प्रमाणात हातचा जातो. कच्च्या पावतीवर यंत्र घेऊन पुढे ते विकताना मालकीच सिद्ध न करता आलेले एक ग्राहक मी पाहिले आहेत, म्हणून हा आग्रह धरतो. यंत्र जपानहून वापरलेले आयात झाले असेल तर आयातीच्या बिल ऑफ एन्ट्रीची (कस्टम्सकडे भरलेल्या आयात कागदाची) प्रत मागावी. रस्ता ओलांडून दुसऱ्या शेडमध्ये फोर्कलिफ्ट न्यायची असेल तर आरटीओ नोंदणीचा प्रश्नही उभा राहतो, कारण कायद्यातील सूट फक्त कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवारातच वापरायच्या यंत्रांना आहे.

ठेव मात्र मोडू नये. आपली येणी ६० ते ९० दिवसांनी येतात आणि पगार दर महिन्याला द्यावे लागतात, त्यामुळे ती ठेवच आपला आधार आहे. त्याच ठेवीवर बँकेचे तारण कर्ज साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा १ ते २ टक्के जास्त व्याजाने मिळते. साडेतीन लाख कर्ज आणि उरलेली रक्कम चालू बचतीतून, अशी विभागणी मला योग्य वाटते.

या शनिवारी फिटरला घेऊन शिरोलीला जा. इंजिन रात्रभर थंड ठेवायला आधीच सांगा, समोर सुरू करून धुराचा रंग पाहा, ट्रान्समिशनच्या तेलाला जळका वास येतो का ते तपासा, आणि २.२ टनांचा भार उचलून दहा मिनिटे तसाच ठेवल्यावर मास्ट खाली सरकतो का ते बघा. ब्लॉकवरील क्रमांक, अनुक्रमांकाची पाटी आणि क्षमतेची पाटी यांचे फोटो काढून मला पाठवा. ब्लॉकवर ९४ निघाले तर फिटरकडून त्याच इंजिनाचा लेखी दुरुस्ती अंदाज घेऊन ती रक्कम किमतीतून वजा करून मागावी, आणि विक्रेता अडला तर आणखी तीन महिने भाड्याचे यंत्र वापरावे.