शिंपले फ्रिजमध्ये ताजे कसे राहतील?

प्रश्न : जिवंत शिंपले पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवले, तरी दुसऱ्या दिवशी त्यांना वास का येतो?

उत्तर : दोष फ्रिजचा नसून पाण्याचा आहे. खाऱ्या पाण्यातले हे जीव गोड्या पाण्यात मरतात आणि मेलेल्या शिंपल्यात जिवाणू झपाट्याने वाढत असल्याने वास सुटतो. घट्ट झाकणाच्या डब्यात तर ते गुदमरतातच. म्हणून ते उघड्या, पसरट भांड्यात, वर ओलसर फडके घालून, 4 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावेत आणि तळाशी साचलेले पाणी ओतून टाकावे. कालवांची (ऑयस्टर जातीच्या शिंपल्यांची) खोलगट बाजू खाली असावी, म्हणजे आतले पाणी गळत नाही. शिजवण्यापूर्वी उघडा शिंपला बोटाने ठोकून पाहावा. तो मिटला नाही, तर शिजवून पाहण्याचा मोह न धरता सरळ टाकून द्यावा.